माझ्या वतीनं शैलानं दिलेला नकार

शैला गेल्याची बातमी मला आमच्या दूधवाल्यानं दिली. आमची दोघींची घरं अडाजणमध्येच, मधे दोन गल्ल्या, दूध एकाच माणसाचं. सकाळी सहाला पिशवी हातात देऊन तो म्हणाला, "कुंदाबेन, पेला शैलाबेन ऑफ थई गया." सुरतेत माणूस गेला की असंच म्हणतात. लहानपणापासून ऐकतेय, पण त्या दिवशी मी त्याच्या अंगावर ओरडले, बल्ब आहे का ती, ऑफ व्हायला! बिचारा गांगरून खाली उतरला. आदल्या दुपारीच फोनवर ती माझ्याशी भांडली होती, मी लोणच्यात मेथी जास्त घातली म्हणून. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, तिथं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी गेले तेव्हा तिला घरी आणून ठेवलेलं. केस नीट विंचरलेले नव्हते. मी तिथंच बसून तिचे केस विंचरले आणि हमसून हमसून रडले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, या बाईला मैत्रीण गेल्याचं काही दुःखच नाही. दुःख आहे हो. पण ते दुःख मला धड करूही दिलं नाही तिनं.

चौथ्या दिवशी तिच्या मुलानं, प्रशांतनं, बेसणुं ठेवलं. पांढऱ्या चादरी अंथरायच्या, तासभर लोकांनी येऊन हात जोडून बसायचं आणि निघून जायचं. इथं राहून आपल्या मराठी घरांनीही ही रीत उचललीय. आमचे हे पुरुषांच्या बाजूला बसले होते, मी दाराशी. आमच्या शनिवारच्या नाचाच्या मंडळातले सगळे आले. त्यातले किरीटभाई, सत्तरीचे, साडी मार्केटातून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन माणूस, निघताना माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "कुंदाबेन, अब तो भाईसाहब थोड़ी छूट देंगे ना? शैलाबेन तो गईं. अब आप किसके साथ नाचेंगी?"

मी म्हटलं, "छूट? कसली छूट?"

ते गडबडले. इकडं तिकडं बघून म्हणाले, "वो... शैलाबेन ने सबको बोला था ना. भाईसाहब की शर्त है, कुंदाबेन सिर्फ शैलाबेन के साथ नाचेगी, किसी जेन्ट्स के साथ नहीं. इसलिए हम लोग आपकी तरफ देखते ही नहीं थे. आपका इतना हलका पाँव, सब बोलते थे. पण शुं करीए... मर्यादा तो रखनी पड़ती है." एवढं बोलून त्यांनी शैलाच्या फोटोला परत एकदा हात जोडले आणि गेले.

मी त्या फोटोकडं बघितलं. हसत होती.

आता यात एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्यासाठी आमचा नाच सांगावा लागेल. अकरा वर्षांपूर्वी नेहा नावाची एक गुजराती मुलगी लग्न होऊन आमच्या भागात आली. बेंगळुरूला नोकरी करताना ती टँगो शिकली होती. इथं तिनं एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये वर्ग काढला, दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात. मी तेव्हा बँकेत होते, वय पन्नास. उधन्यात वाढलेली मुलगी मी, वडील धुळ्याकडून इथं लूमवर कामाला आलेले. टँगो म्हणजे काय ते मला कशाला माहीत असणार! शैला उधन्याच्याच मराठी शाळेत शिक्षिका, नंदुरबारची. तीच कुठून तरी कागद घेऊन आली आणि दोघींच्या घरची बोली अहिराणी असल्यानं खास ठेवणीतल्या सुरात म्हणाली, "ऊठ नं वं माय! आख्खं आयुष्य काय भाकरीच थापशी?" मी म्हटलं, गुडघे धरतील गं. म्हणाली, धरू देत, दोघी मिळून सोडवू. तर अशा आम्ही गेलो.

सुरतेत नाच नवा नाही. नवरात्रात अख्खं गाव गरबा खेळतं. पण यात समोरच्या माणसाला मिठीत घेऊन उभं राहायचं, त्याचा श्वास लागेल इतकं जवळ. पहिल्या दिवशी अर्ध्या बायका चहा पिऊन परत गेल्या. ज्या राहिल्या त्यांना नेहानं आधी पावलं शिकवलीच नाहीत, वागणं शिकवलं. बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या भिंतीला. नाचायचं असेल तर पुरुषानं लांबून नजर द्यायची. बाईला मान्य असेल तर तिनंही बघून मान हलवायची, नसेल तर नजर दुसरीकडं वळवायची. खुर्चीपाशी येऊन हात पुढं करायचा नाही. त्यामुळं चारचौघांत कुणी कुणाला नाही म्हणत नाही, कुणाचा पाणउतारा होत नाही. एकदा उठलं की लागोपाठ चार गाणी एकाच जोडीदाराबरोबर. नाचताना दुसऱ्याला शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. चार गाणी झाली की पुरुषानं बाईला तिच्या खुर्चीपर्यंत सोडायचं. मला हे फार आवडलं. आमच्या लग्नसमारंभांत बायकांना हाताला धरून ओढत नाचायला नेतात, त्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि आवडली ती नक्षी. नेहाचा शब्द वेगळा होता, आम्ही दोघी नक्षी म्हणायचो. नाचात पुढं कोण नेणार ते ठरलेलं असतं; बहुधा पुरुष. पण मधेच तो थांबतो आणि त्या थांब्यात बाईचा एक पाय मोकळा असतो. त्या पायानं तिला हवं ते करता येतं. जमिनीवर अंगठ्यानं लहानसं वर्तुळ काढायचं, दुसऱ्या घोट्याला हलकेच घासायचं, पेटीसारखं ते वाद्य वाजतं त्याच्या सुरावर दोनदा टिचकी मारायची. कुणाला दाखवण्यासाठी नाही, आपल्याला गाण्यातलं काय ऐकू आलं ते सांगण्यासाठी. नेहा बजावायची, नक्षीपायी पुढच्याचा खोळंबा करायचा नाही, शेजारच्या जोडीला लाथ लागता कामा नये, प्रत्येक सुरावर करायची नाही. मला संसारात, बँकेत, कुठंच कुणी थांबून विचारलं नव्हतं, बाई, तुला यात काही घालायचंय का? इथं दर दोन मिनिटांनी विचारत होते. मी वेडीच झाले.

पुरुष कमी होते म्हणून शैला पुढं न्यायला शिकली. मला म्हणाली, मी परक्या पुरुषांबरोबर नाही नाचणार, मी पुरुषाचाच भाग शिकते, तू माझ्याबरोबर नाच. अडतिसाव्या वर्षी नवरा गेला तिचा, दीर खालच्याच मजल्यावर राहायचे, त्यांना ती योगाच्या वर्गाला जाते असं सांगायची. मला यात काही वावगं वाटलं नाही. आणि शैला नाचवायची फार सुंदर. ती थांबायची तेव्हा खरंच थांबायची, घाई नाही, माझी नक्षी पुरी होईपर्यंत श्वास धरून उभी. मग मी हलकेच सोडलं की पुढं निघायची. अकरा वर्षांत तिनं एकदाही माझी नक्षी तोडली नाही.

पुढं पुरुष वाढले. हजीऱ्याच्या कारखान्यातले दोन इंजिनीयर, एक डॉक्टर, किरीटभाई. बायकांना समोरून नजरा यायला लागल्या. मला नाही. मी शिकवल्याप्रमाणे ताठ बसायची, मान वर, डोळे समोर. पुरुषांची नजर माझ्या डावीकडच्या बाईवर यायची आणि उडी मारून उजवीकडच्या बाईवर जायची. मधे मी नव्हतेच जणू. एक शनिवार, दोन शनिवार... महिने, वर्षं. मग शैला उठायची, समोर येऊन डोळे मिचकावायची आणि आम्ही नाचायचो. ती पहिल्यापासून भिंतीशी उभी असायची, अशी हसत, वाट बघत.

एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात बसून रडले. सरळ विचारलं, शैले, माझं काय चुकतं गं? माझ्या अंगाला वास येतो का? मी म्हातारी दिसते का? ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही तिचं. म्हणाली, "तुझा पाय जरा जड पडतो, कुंदे. पुरुषांना ते झेपत नाही. मला सवय झालीये." आणि वर गरम पोळीवर तूप घालून माझ्या ताटात वाढली.

ती पोळी आता माझ्या घशातून परत वर येते. अहो, सगळ्या हॉलला माहीत होतं माझा पाय हलका आहे. तिला तर सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, तिच्याच मिठीत नाचत होते मी! त्या दिवसापासून मी रोज सकाळी कुकर लावला की ओट्याला धरून पाय हलका करायचा सराव केला. तीन शिट्ट्या होईपर्यंत. वर्षानुवर्षं. बोटं सोलवटली, टाचेला कुरूप झालं. आमचे हे म्हणायचे, पुरे आता, कुठं स्पर्धेला जायचंय? मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं. नसलेला रोग बरा करत होते मी.

आणि हजीऱ्याचा तो एक इंजिनीयर. नवीन आला होता, पहिलाच शनिवार. त्यानं चक्क माझ्याकडं बघितलं. मी इतकी दचकले की मान हलवायला उशीर झाला, पण हलवली. तो उठला, चार पावलं आला. तेवढ्यात शैला मधे गेली, "एक मिनिट हं भाऊ," म्हणून त्याला पाण्याच्या पिंपाकडं घेऊन गेली. परत आला तेव्हा त्याची मान खाली. शैला मला म्हणाली, बायकोचा फोन आला बाई त्याच्या, घरी काही अडचण आहे. मी आणखी म्हटलं, अरेरे, सगळं ठीक असू दे. पुढच्या शनिवारी मी त्याला विचारलंसुद्धा, "सब ठीक है ना घर पे?" तो म्हणाला, "जी." आणि चटकन बाजूला झाला. त्याला वाटलं असेल, या बाईचा नवरा हेरगिरी करतो.

नवऱ्याचं काय सांगू! बेसणुं आटोपून घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे पोस्टात होते, आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलले नाहीत. मला शनिवारी स्कूटरवर सोडायचे, सातला घ्यायला यायचे, खाली गाडीपाशी उभे राहून लोचो खायचे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरीच. मला बघितलं की ते सगळे नमस्कार करून सटकायचे. मी म्हटलं माझ्या तोंडाला कांद्याचा वास येतो की काय. म्हणजे अकरा वर्षं मी तिथला राक्षस होतो?" मी हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं. ह्यांना शैला किती आवडायची! माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस दोन्ही वेळ शैलानं डबा आणला, कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत. ह्यांना म्हणायची, भावजी, तुमच्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं. आणि शनिवारी त्याच तोंडानं...

मी नेहाला फोन केला. म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "आंटी, शैला आंटींनी मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. मला वाटलं घरचा प्रश्न आहे, तुम्हाला विचारलं तर वाईट वाटेल." सगळ्यांनी असाच विचार केला. कुणी विचारलं नाही. नजरेनं विचारायचं, नजरेनं नाकारायचं, बोलायचं नाही, ही जी रीत मला इतकी भारी वाटली होती, तिच्याच आड शैलाला हे करता आलं. एका माणसानं जरी अडाण्यासारखा येऊन हात पुढं केला असता, "चलती क्या?" म्हटलं असतं, तर सगळं उघडं पडलं असतं. सभ्य माणसं निघाली सगळी.

का केलं तिनं? मी पाच आठवडे हेच दळण दळतेय. उत्तर अवघड नाही, म्हणून जास्त संताप येतो. पुरुष आल्यावर बाईबरोबर नाचायला दुसरी कुठली बाई तयार नव्हती. मी किरीटभाईंबरोबर उठले असते, तर शैला भिंतीशी बसली असती. दिराच्या धाकानं तिला स्वतःला पुरुषांची मिठी नको होती. तिच्या घरचा धाक, आणि नाव माझ्या नवऱ्याचं! प्रशांतची बायको मला म्हणाली, "मावशी, आई एकट्या होत्या हो, समजून घ्या." समजून? समजलंय मला सगळं. समजलं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं? तिनं मला नुसतं म्हटलं असतं, कुंदे, तू दुसऱ्याबरोबर उठलीस तर मी एकटी पडेन, तर मी नसते उठले. ...नाही, खरं लिहिते. दर शनिवारी बसून राहिले नसते. कधी तरी उठले असते. चार गाणी तरी. तेवढीसुद्धा तिनं मला जाऊ दिली नाहीत. भवानी कुठली.

गेल्या शनिवारी मी गेले. हे म्हणाले, या वेळी मी वर येतो, सगळ्यांना बघू देत राक्षस कसा असतो ते. आले, बायकांच्या भिंतीशी बसले, तरी कुणी उठवलं नाही. संगीत सुरू झालं. समोरून किरीटभाईंनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, मी आधी मागं वळून बघितलं, मागं कोण आहे ते. एकसष्टाव्या वर्षी! मग मान हलवली. ते आले, मी उठले.

चांगलं नाचतात ते. पहिलं गाणं मी फक्त चालले. दुसऱ्यात ते थांबले, आणि माझा डावा पाय आपोआप निघाला, वर्तुळ, घोटा, टिचकी. भिंतीवरून कुणी तरी "वाह" म्हणालं. मी चांगली नाचत होते. अहो, मी चांगलीच नाचत होते, किती तरी वर्षांपासून. मिठीतच माझे डोळे भरून आले आणि ते शैलासाठी नव्हते.

तिसऱ्या गाण्यात किरीटभाई पुन्हा थांबले, पण या वेळी दुसऱ्या बाजूला. माझा भार डाव्या पायावर, उजवा मोकळा. आणि तो उजवा पाय तसाच राहिला. हलेचना. त्याला काही माहीतच नव्हतं. किरीटभाई वाट बघत उभे, संगीत चाललेलं, आणि मी सगळ्या हॉलसमोर खांबासारखी. मला आधी कळेना हे काय होतंय. मग लख्ख कळलं. शैलाचा उजवा गुडघा गेलेला होता. त्या पायावर भार देऊन तिला उभं राहवायचं नाही. म्हणून अकरा वर्षं ती एकाच बाजूला थांबली, नेहमी तिच्या डाव्या पायावर, आणि माझा फक्त डावा पाय शिकला. मला ते कधी जाणवलंही नाही. मला वाटायचं, थांबणं म्हणजे एवढंच असतं.

चार गाणी झाली, किरीटभाईंनी खुर्चीपर्यंत सोडलं, डॉक्टरांनी नजर दिली, मी नाही वळवली नजर, पण उठलेही नाही. ह्यांना म्हटलं, चला घरी.

सोमवारपासून मी उजव्या पायाचा सराव करतेय. सकाळी, ओट्याला धरून. वर्तुळ वेडंवाकडं येतं, टिचकी सुरावर पडत नाही. काल पहिल्यांदा नीट फिरला. एकदम गोल, हलका, हवा तिथं थांबला. आणि त्याच क्षणी, काही सुचायच्या आत, मी ओल्या हातानं फोन उचलला, शैलाला सांगायला.